शेवटच्या इनिंगला कोणी हलायचं नाही

मंडळी, आज दुपारी आमची आवडती टीम बेसबॉलची फायनल जिंकली. आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो. पुण्याहून इथे परदेशात, बॉटनी डाउन्सला माझ्याकडे राहायला आलेल्या बाबांनी क्रिकेटचा नियम काढला. "आता कोणी जागचं हलायचं नाही." शेजारचा डॅन तेव्हा चहाचा कप घेऊन दारात होता. मी सांगितल्यावर तो तसाच उभा राहिला.

शेवटचा बॅटर आउट झाला. टीव्हीवर शॅम्पेन उडायला लागली आणि इकडे वाद पेटला. माझ्या मते बॉल टाकणाऱ्या पिचरने जिंकून दिलं, डॅनच्या मते होमरन मारणाऱ्याने.

"दोघंही चूक," बाबा म्हणाले. "डॅन हलला नाही म्हणून जिंकलो. पुढच्या वर्षी मी पुण्यात असेन. तेव्हाही त्याने दारातच उभं राहायचं, सांग त्याला."

सांगितलं. डॅनने गंभीरपणे मान डोलावली.

तुमच्या घरी ही जबाबदारी कोणाकडे असते?