क्लॅरोनेटवाल्या काकांचे दात

आपल्या वाद्याला रोज आंघोळ घालणारा आणि स्वतःच्या दातांना जेमतेम बोट लावणारा माणूस वणी तालुक्यात एकच आहे, आणि तो आमच्या घरासमोर राहतो. सगळी गल्ली त्यांना क्लॅरोनेटवाले काका म्हणते. लग्नाची वरात असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो की देवीचं विसर्जन, बँडच्या पुढे हेच. मी गावोगावच्या शाळांमध्ये दात कसे घासायचे याची पत्रकं वाटत फिरते. मुकुटबनपर्यंतच्या पोरांना ब्रश कसा धरायचा ते शिकवून मी घरी यायची, आणि समोरच्या ओसरीवर हे गृहस्थ गोवरीच्या राखेत बोट बुडवून बसलेले! संताप नाही होणार तर काय होणार?

काका तंबाखू-सुपारीचा खर्रा खात नाहीत. आमच्याकडे एवढ्यावर माणूस संत ठरतो, आणि त्या जोरावर काकांनी बाकी सगळं स्वतःला माफ करून टाकलं होतं. "माह्या तोंडात घाण येईन कुठून वं? खर्रा नाही, गुटखा नाही." राख, चिमूटभर मीठ, समोरच्या सहा दातांवर बोटाचे चार फेरे, की झालं. आपल्याला दाढा आहेत हे त्यांना ऐकून माहीत असावं. मी एकदा त्यांना मऊ ब्रश आणून दिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर काका त्याने क्लॅरोनेटच्या चाव्यांखालची धूळ काढत होते. वर म्हणाले, "नरम आहे वं. मस्त आणला." हिरडीतून रक्त आलं की ती जागा ते महिनाभर सोडून देत, कारण जखमेला हात लावू नये. अहो, रक्त येतं तेच मुळी तिथे थर साचला म्हणून! ती जागा सोडायची नसते, तिथेच हलक्या हाताने घासायचं असतं. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

खालच्या दातांच्या मागे तर पिवळ्या कीटाची भिंतच उभी होती. डॉक्टरकडून काढून घ्या म्हटलं की काका दोन्ही हात जोडत. "माह्या साळ्यानं मशीननं दात साफ केले अन् पंधरा दिवसांत दोन दात हातात आले. कीट हाय म्हणून दात उभे हाये, पोरी." मी म्हणायची, "कीट दात धरून ठेवत नाही काका, खालचं हाड संपवतं." ते म्हणायचे, "तुह्या कागदात लिहिलं असन." मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. क्लॅरोनेट वाजवताना वरचे पुढचे दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात, ते हलले की सूर हलतो, आणि ते गेले की वाजवणंच जातं, हे मला फार उशिरा कळलं. माणूस हट्टी नव्हता. घाबरलेला होता.

एकदा रियाज संपवून ते क्लॅरोनेटचं तोंड कोमट पाण्यात धूत बसले होते. मी विचारलं, "रोज कायले धुता?"

"थुकीचा थर बसते. आज फडक्यानं निघते. राहू देला तं दगड होते, मंग खरवडा लागते."

मी बघतच राहिले. आमच्या अख्ख्या पत्रकात इतकं सरळ लिहिलेलं नाही. म्हटलं, "काका, दातांचंही डिट्टो हेच आहे."

काकांनी जीभ दातांच्या मागून फिरवली, पुन्हा एकदा फिरवली. मग हळूच म्हणाले, "तू येशीन संगं?"

मी गेले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बोलावून सगळं कीट काढलं आणि स्पष्ट सांगितलं, बाकीचे टिकतील, पण वरच्या पुढच्या एका दाताला हाडच उरलेलं नाही. घरी आल्यावर दातांच्या फटींतून वारा जायला लागला, गार पाणी झोंबायला लागलं. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या आईला मात्र गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "वहिनी, तुमच्या पोरीनं माह्या तोंडात खिडक्या पाडल्या!" नवव्या दिवशी स्वतःच दारात आले आणि ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. रक्त थांबलं होतं. तेव्हापासून ते दोन वेळा ब्रश करतात, दाढांसकट. ब्रश तोंडात ठेवून एक अख्खं गाणं गुणगुणतात, आणि ते संपेपर्यंत चूळ भरत नाहीत. फेस शर्टावर येतो, पण कडवं सोडत नाहीत.

तो एक दात मात्र गेलाच. त्याच्या जागी नवा बसवला, पण वरच्या पट्टीत तो दाब सहन करत नाही. यंदाच्या मिरवणुकीत मी त्यांच्या बाजूने चालत होते. उंच सुराची जागा आली की काका क्लॅरोनेट ओठांवरून खाली घेत, तेवढी ओळ ट्रंपेटवाला वाजवी आणि काका बोटं तशीच चाव्यांवर हलवत राहत.

"दुखते का काका?"

"नाही वं. तू दहा वर्षं आगुदर सांगाले पायजे होतं."

दहा वर्षांपूर्वी मी सहावीत होते. संध्याकाळी काका ओसरीवर बसून हीच उंच सुराची ओळ पुन्हा पुन्हा वाजवायचे, आणि मी वही बाजूला ठेवून खिडकीत ऐकत बसायची.