टकलाचा फोटो आणि कडू भाकरी

लग्न महिन्यावर आलं, तेव्हा मला बाकी कशाची नाही, फक्त केसांची काळजी होती. बोरीत स्टँडजवळच्या सलूनमध्ये गेलो, तर सलूनवाल्यानं कात्री हातात घ्यायच्या आधीच मला घरी पाठवलं. मोबाईलवर अॅप घे, सगळे कट तोंडावर लावून बघ, एक पक्का कर आणि मग ये, असं त्याचं म्हणणं. एका नवरदेवानं भर मांडवातून फोन करून त्याला शिव्या हासडल्या होत्या. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत होता.

अॅप मोठं गमतीचं निघालं. एका कटमध्ये मी पडलेला उमेदवार दिसत होतो, एकात थेट आमची आत्या. बघता बघता शेवटी टक्कल आलं आणि माझं हसू गेलं.

कारण घरात आबा खाटेवर होते. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बायको कधीचीच गेलेली, मूलबाळ नाही. परभणीच्या डॉक्टरनं घरी घेऊन जा म्हणून सांगितलेलं. आणि आमच्या भाऊकीत माणूस गेलं की घरातल्या पुरुषांनी त्याच दिवशी, सरण पेटायच्या आधी डोकं भादरायचं. सुतक तेराव्याला फिटतं, केस काही तेराव्याला उगवत नाहीत. फेट्याखाली झाकेल, असं चुलत्याचं मत. पण फेटा घालून संसार कोण करतं? आबांनी जगावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो आणि सगळं घर माझ्या मायेचं कौतुक करत होतं.

तर ते टक्कल मी लावून बघितलं. अॅपनं वस्तरा फिरवल्यावरचा निळसर रंगसुद्धा सोडला नव्हता. वेळ आलीच तर होणाऱ्या बायकोला एकदम धक्का नको, म्हणून फोटो तिला पूर्णेला पाठवून दिला. खाली काहीतरी गमतीचं लिहिणार, तेवढ्यात शेतातली लाईट आली. आमच्याकडं लाईट आली की माणूस जेवणाच्या ताटावरूनही उठतो. फोन चार्जिंगला लावला आणि मोटार चालू करायला पळालो.

आपल्याकडच्या पोरीला नवऱ्याचं टक्कल दिसलं, तर ती फॅशनचा विचार करत नाही. कोण गेलं, एवढंच तिच्या मनात येतं. तिनं फोन केले, मी उचलेना, म्हणजे मी रडत असणार. आबा खाटेवर आहेत हे तिला ठाऊक होतं. तिनं फोटो वडलांना पाठवून दिला. मेल्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी कडू भाकरी न्यायची असते. तिच्या आईनं घाईनं पिठलं-भाकरी केली.

मी शेतातून आलो, तर गल्लीच्या तोंडाशी जीप उभी आणि होणाऱ्या सासूबाईंनी तिथूनच गळा काढलेला. मागं सासरे, हातात पिठल्याचा डबा. सासूबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या आणि आबा कधी गेले, हे त्यांनी खाटेवरच्या म्हाताऱ्यालाच विचारलं.

"मी हाय की," आबा म्हणाले.

सासऱ्यांनी माझ्या भरगच्च डोक्याकडं बघितलं आणि खिशातून फोन काढून तो फोटो माझ्या वडलांपुढं धरला. माणूस रेल्वेतला, शिस्तीचा. आवाज न चढवता बोलले, "जित्या माणसाचं सुतक धरनाऱ्या घरात पोरगी द्यायची का न्हाई, इचार करावा लागंल."

वडलांनी हात जोडले. अॅप म्हणजे काय, हे मी सांगत सुटलो, पण जितकं सांगत गेलो तितका जास्तच येडा दिसत गेलो. शेवटी आबांनी फोन मागितला. लांब धरून बराच वेळ बघत राहिले.

"मला ल्योक न्हाई," ते म्हणाले. "माझ्यासाठी केस कोन काढंल, ह्याचा लय घोर व्हता. काढशील ना?"

"काढीन," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की ह्या म्हाताऱ्यानं मरू नये.

"मग लगीन होऊस्तोर मरत न्हाई. आना ती भाकर."

आणि आबांनी स्वतःच्या नावाची कडू भाकरी पिठल्याशी खाल्ली, वर मिरची मागून घेतली. सासूबाई डोळे पुसत वाढत होत्या. सासरे थोडा वेळ उभे राहिले, मग खाटेच्या कडेला बसले. विचार करायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

लग्नात आबांना आम्ही खुर्चीसकट उचलून नेलं. अक्षता त्यांनी जवळून, नेम धरून टाकल्या. पुढं ज्वारी काढणीला आली तेव्हा ते गेले. न्हावी समजूतदार होता. लग्न नवं हाय, हल्लीची पोरं मशीननं नुसते बारीक करून घेतात, तसं केलं तरी कुणी काही म्हणत नाही, असं तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला.

मी म्हणालो, "वस्तरा घ्या."