आईचं लुगडं नेसले त्या उन्हाळ्यात

त्या दुष्काळात आमच्या गावातली जनावरं चारा-छावणीत गेली आणि दूध संस्थेला कुलूप लागलं. अण्णा, माझे वडील, त्या संस्थेचे जन्मभराचे सेक्रेटरी. आई आदल्याच वर्षी गेली होती. रिकाम्या घरात अण्णा एकेक गोष्ट विसरू लागले. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो की नाही तेही आठवेना. मी धारूरच्या शाळेत शिक्षिका. सुट्टी लागताच त्यांच्याजवळ येऊन राहिले.

माझी लेक शहरात सिनेमाचं शिकत होती. परीक्षेसाठी तिला पंधरा मिनिटांची फिल्म करायची होती, म्हणून कॅमेरा घेऊन तीही गावी आली. विसराळू म्हातारा आणि त्याची वाट पाहणारी बायको, अशी काहीतरी गोष्ट. "आबा नुसते ओट्यावर बसतील. तू आजीचं लुगडं नेसून घागर घेऊन समोरून जायचं. चेहरा दिसणार नाही," ती म्हणाली. मी हो म्हटलं. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. त्याला अजून आईच्या तंबाखूचा वास होता.

कॅमेरा सुरू झाला. मी डोईवर पदर घेऊन ओट्यासमोरून निघाले. मागून अण्णांचा आवाज आला.

"कुठं गेलतीस गं? कवाचा बसलोय मी."

माझे पाय जागीच थांबले.

"त्या दिवशी तू निरोप धाडलास, छातीत दुखतंय म्हणून. मी म्हणलं, येवढं दूध मापून येतो. रांग लई व्हती. आलो तवा तू बोलत न्हवतीस. रागावली न्हाईस ना?"

हे मला माहीत नव्हतं. आई झोपेतच गेली, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. मला वळून विचारायचं होतं, कावून लपवलंत? पण पदराआडून माझ्या तोंडून आईसारखंच निघालं, "असू द्या वो. भाकरी खाल्ली का?"

ते लहान लेकरासारखे रडले.

लेकीने कॅमेरा बंद केला नव्हता. "पुसून टाक ते," मी आत जाऊन तिला म्हणाले. तिचेही डोळे भरले होते. "आई, हीच तर फिल्म आहे."

"ही फिल्म न्हाई. माझे आईबाप हायेत."

दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. शेवटी चित्र ठेवायचं आणि आवाज काढून टाकायचा, असं ठरलं. ती शहरात परत गेली.

अण्णा मात्र दारात बसून आईची वाट बघू लागले. माझ्या हातचं खाईनात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा लुगडं नेसले. ते पोटभर जेवले. मग मी रोजच नेसू लागले. ते माझ्याशी छावणीबद्दल, टँकरबद्दल, आमच्या म्हशीबद्दल बोलायचे. कधी माझा हात धरून नुसतेच बसायचे. अंगावर काटा यायचा, तरी मी हात सोडवून घेत नसे. आरशात बघायचं मी बंद केलं होतं.

एकदा ते म्हणाले, "लेक काई येईना आपली. लांब दिलीय का तिला?"

"न्हाई. येईल की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझी रोजची साडी नेसून त्यांच्यापुढे जाऊन बसले. अण्णांनी मला नीट पाहिलं, हात जोडले. "बाई, कुणाच्या घरच्या तुमी? बसा. मालकीण आत हाय, चहा करंल."

मी आत गेले. लुगडं नेसले. चहा केला.

शाळा सुरू झाली तेव्हा त्यांना धारूरला घेऊन आले. दोन वर्षं ते माझ्याजवळ होते. तोवर आईलाही विसरले आणि लुगडं नेसायची गरज उरली नाही. माझ्या हातून खायचे, कुणाच्याही हातून खावं तसं. माफी त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही. आपल्या लेकीची चौकशी मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत करत राहिले, आणि मी शेजारी बसून सांगत राहिले की निघालीय ती, येईलच.