अक्काचा कटला आणि शिशाचं लफडं

मासा संध्याकाळपर्यंत खपला नाही तर वास मारतो. किस्से मात्र बर्फाशिवाय टिकतात! आमच्या ठेल्यावरचे तर इतके साचलेत, की माझा दोस्त पप्या म्हणतो, "वेगळा क्रेट घे त्यांना."

ठेला अक्काचा. अक्का म्हणजे माझी आत्या, जळगावात मासे विकते. मी दहावीला दोनदा बसून उठलो, तेव्हापासून तिच्याकडे खवले काढतो. माल आणतो नाना, कंपन्यांच्या नाल्याजवळच्या तलावातून. स्वस्त, दणकट कटला. त्याच्यावरच ठेला चालतो.

*

एक दिवस सरकारी साहेब आले. "त्या तलावातल्या माशांत शिसं असू शकतं. सॅम्पल द्या."

अक्काने सवयीप्रमाणे मासा खवलला, आतडी काढली, तुकडे केले, हळद-मीठ चोळलं आणि पिशवी हातात दिली.

"अहो, अख्खा पाहिजे होता! लॅबला पाठवायचाय!"

"का बरं? लॅबवाल्यास्ले रांधता येत नही का?"

*

साहेब समजावत होते, शिसं पोटात गेलं की पोरांचं डोकं मंद होतं.

मी म्हटलं, "काही नाही होत साहेब. मी पाचवीपर्यंत रोज शिसपेन्सिल चावली. काय झालं मला?"

अक्का साहेबांना म्हणाली, "लिखी ल्या."

*

बातमी फुटली. नशिराबादचे एक भाऊ नेहमीचे गिऱ्हाईक. आले आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

"आत शिसं आहे ना? मग तेवढं वजन कापा."

"शिसं किती शे ते रिपोर्ट आल्यावर कळेल, भाऊ."

"बरं. तोवर एक तुकडा वर टाका."

*

पप्याने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं. चुंबक धातू पकडतं हे दाखवायला मी एका माशाच्या तोंडात खिळा सारला आणि ओरडलो, "धातू चेकिंग फ्री!"

चुंबक खटकन चिकटलं! गिऱ्हाईक पांगलं. माझ्या शाळेचे रिटायर झालेले मास्तर तेवढे थांबले.

"शिशाला चुंबक लागत नाही रे. हा धडा शिकवला तेव्हा कुठे होतास?"

"वर्गाबाहेर, सर."

मग अक्काने मला त्याच माशाने हाणलं. खिळा आतच होता.

*

रिपोर्ट काही येईना. अक्काने नानाचा माल बर्फात घालून गोणपाटाखाली झाकून ठेवला. विकेना, फेकेना. "लोकं पोरंसोरंस्ले खाऊ घालतस. कसा देऊ?" म्हणायची. आणि नाही विकला तर ठेला बंद.

नाना आला तो तणतणतच. "माल पडून का शे? मना तलाव काचसारखा शे! काहीच व्हत नही!"

अक्काने ठेल्यामागच्या स्टोव्हवर त्याच कटल्याचा काळ्या मसाल्याचा रस्सा केला. ताट वाढलं, भाकर ठेवली, नानासमोर सरकवलं. अख्खा बाजार गोळा झाला.

"जेवा नाना. तुम्ही खाधं का मी लगेच विकाले बसस."

नानाने भाकरीचा तुकडा मोडला. रश्शाकडे बघितलं. तुकडा परत ठेवला.

"अक्का, मी माळ घातली."

"कधी?"

"आत्तेच."

अक्काने ताट उचललं, मालावरचं गोणपाट ओढलं आणि मला म्हणाली, "फावडं आन."