काळा बर्फ शोधताना

रेडिओवर रोज सांगायचे, रस्त्यावर 'ब्लॅक आइस' आहे, गरज असेल तरच बाहेर पडा. २०२१चा जानेवारी, त्यात लॉकडाउन. तसंही बाहेर पडतंय कोण? मी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळच्या औषध कारखान्यात कामाला. बर्फाशी माझी ओळख लॅबमधल्या फ्रीजरपुरती. काळा बर्फ म्हणजे काजळी बसलेला काहीतरी प्रकार असणार, अशी माझी समजूत होती. एकदा बघायचाच, असं ठरवलं होतं.

नेमका नको तेव्हा मुहूर्त लागला. बायकोला सातवा महिना होता. त्या दिवशी सकाळी उठून ती म्हणाली, "काल संध्याकाळपासून बाळ हललं नाहीये." हॉस्पिटलला फोन केला, तर लगेच या म्हणाले. घाबरलो की मला प्रश्न पडायला लागतात, ही माझी जुनी खोड. ती कोट चढवून गाडीत बसत होती आणि मी फाटकाबाहेर उभा राहून, कुत्र्याला फिरवणाऱ्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दोन मीटरवरून विचारत होतो, काळा बर्फ कुठे कुठे असतो?

त्यानं माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. "त्याच्यावरच उभा आहेस."

खाली नुसतं ओलं डांबर दिसत होतं. वाकून नख लावलं, तर गुळगुळीत आणि टणक. बर्फाला रंगच नव्हता. काळा होता तो खालचा रस्ता. म्हातारा म्हणाला, "हळू जा. घसरलीच तर ब्रेक दाबू नकोस. यू'ल बी ग्रँड." म्हणजे, काही होणार नाही.

"तुझं संशोधन झालं असेल तर निघू या का?" बायको गाडीतून ओरडली.

रस्ता बोळाएवढा, दोन्ही बाजूंना झुडपांचे बांध. उतारावर एक वळण आलं आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. मी वळवतोय डावीकडे, गाडी आपली सरळ. ब्रेक दाबायचा नाही, एवढं आठवलं. पण पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय मोकळा राहिला, तरी हात गप्प बसत नाही. मी हॉर्न दाबला. समोर माणूस नाही, गाडी नाही, तरी दाबला तो दाबूनच ठेवला. तसेच ठणाणा करत आम्ही सावकाश बांधाच्या गवताला जाऊन टेकलो.

मला वाटलं, आता ही मला सोलणार. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. कोटावरून कळेना, म्हणून बटणं काढली. आतून एक दणका बसला. मग लगेच दुसरा.

"हॉर्ननं उठलं," ती म्हणाली.

हॉस्पिटलला तरीही जायचंच होतं. मी डोळे पुसले आणि गाडी रिव्हर्सला टाकली.

"अजून एकदा वाजवू?"

"नको रे, घाबरेल ते," ती म्हणाली आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिला फुटलं.