तानूबाईचा झरा

तानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामथडीला लेकीकडं होते. तानू म्हणजे माझी धाकटी जाऊ. पहिलं मनात काय आलं ते सांगते. मोठी मी, आधी जायचा मान माझा... तिथंही हिनं नंबर लावला. रडू नंतर आलं.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर देवराईत झरा. सासऱ्यांनी दगड रचून तो बांधून घेतला, म्हणून पुरुषमाणसं त्याला त्यांच्याच नावानं ओळखायची. आम्ही सुना ते नाव कसं घेणार? आमच्यासाठी तो नुसता ‘वरचा’. तानू नवी नवरी आली तेव्हा तिला तिथं मीच नेलं. राईत चपला घालायच्या नाहीत, वाळकी काटकी उचलायची नाही, हे शिकवलं ते मीच.

मागं एका संस्थेची मुलं नकाशा करायला आली. पाऊस हल्ली एकदम कोसळतो, नाहीतर दडी मारून बसतो. अशा दिवसांत गावाला तगवतील ती राई, गवताचे माळ, झरे नकाशावर आले म्हणजे जपता येतील, असं त्यांचं म्हणणं. पुरुष शेतात होते. देवळापुढं आम्ही सुनांनी रांगोळीनं सगळी वाडी काढली. संस्थेतल्या एका मुलीनं झऱ्याचं नाव विचारलं, तर सगळ्या गप्प. मग तिनं विचारलं, तिथनं पाणी कोण आणतं?

“म्या,” तानू म्हणाली. माझ्याआधी.

झालं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला, त्यात ‘तानूबाईचा झरा’. उन्हाळ्यात नळ आटले की अख्खी वाडी म्हणायची, तानूबाईवर जाऊन येतो. माझा नुसता जळफळाट. एकदा बोलून दाखवलं, तर म्हणते कशी, “अक्का, तुमचं कुनी तोंड धरलं व्हतं का?”

तेराव्यानंतर ती मुलगी भेटायला आली. नकाशा नव्यानं छापायचाय, झऱ्याचं जुनं नाव वेगळं होतं म्हणे... आजी, काय लिहू? एवढे दिवस मी याचीच वाट बघत होते. सासऱ्यांचं नाव जिभेवर येणार नव्हतंच. माझं आलं होतं. पण तिचं खोडलं, तर आता मी जळायचं कुणावर?

“हाय तेच ऱ्हाऊ द्या,” म्हणाले.

संध्याकाळी वर गेले. पाणी पिऊन करवंटी दगडावर पालथी घालायची तानूची सवय. करवंटी तशीच होती. प्याले, पालथी घातली. उतरताना शेजारची सून हंडा घेऊन वर येत होती.

“तानूबाईवरनं आलात व्हय, आत्याबाई?”

“व्हय,” म्हणाले... आणि तिला वाट दिली.