पुरुषांच्या वॉर्डातला दुधराम

दुधराम तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या घरचा. गाव बोदलकसा तलावाच्या बाजूचं. आजा-पणज्यांनी गावतलावाची पाळ बांधली आणि त्या पाळीखालीच त्यांची धानाची शेती होती. अशा घरचा मुलगा दवाखान्यात आजाऱ्यांची उस्तवारी करायला गेला, हे गावाला कधी नीट पचलं नाही.

पाळीच्या दुरुस्तीत दगड घसरून त्याचे वडील ईश्वरदास यांचा पाय चेपला होता. त्यांना नागपूरला न्यावं लागलं. दुधराम सोबत राहिला. वडिलांचं करता करता तो शेजारच्या खाटांवरच्या माणसांचंही करू लागला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं, रीतसर शिकवलं. एकोणीसशे छत्तीस-सदतीसच्या सुमारास तो गोंदियात एका दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागला आणि गोंदियालगतच्या कुडव्याला खोली घेऊन राहू लागला.

गावी आला की लोक त्याला 'नर्सबाई' म्हणत. एकदा गावातल्या कवडूने पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "लुगडं आणून देऊ का बे तुले?"

"आण ना," दुधराम म्हणाला. "पर जुनं आणजो. जखमेच्या पट्ट्या नव्याच्या बरोबर नाही होत."

लोक हसले, तोही हसला. पण लग्नाची गोष्ट निघाली की हसणं पुरत नसे. दोन ठिकाणांहून नकार आले होते. मी तेव्हा केशोराव नावाच्या शेतकऱ्याच्या गावी मास्तर होतो. त्यांची शामकला लग्नाची होती, म्हणून ओळखीतलं हे स्थळ मीच सुचवलं. दुधरामने तिला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिलं होतं आणि ती त्याच्या मनात भरली होती.

केशोराव घर पाहायला गेले. बैल पाहिले, धान साठवायच्या ढोल्या पाहिल्या, शेतातल्या बांधीवरून फिरून आले. सगळं पसंत पडलं. मग मुलगा नेमकं काय करतो, हे त्यांनी विचारलं. ऐकल्यावर ते समोरच्या चहाला हात न लावता उठले. दुसऱ्याचं हगणं-मुतणं काढणाऱ्याला पोरगी देणार नाही. नोकरी सोडून नांगर धरणार असेल तर होळीनंतर बोलू, असं सांगून निघाले.

दवाखान्यात वाचलेल्या त्याच पायावर उभं राहून ईश्वरदासांनी मुलाला नोकरी सोडायला सांगितलं. दुधराम म्हणाला, "पोरगी मले पसंत आहे, बाबा. पर हे काम माझ्यानं सुटत नाही."

गोष्ट तिथेच संपायची. पण केशोरावांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या, तुम्ही बैल पाहून आले, मी पोरगा पाहून येते.

आमच्या गावचे म्हातारे टेकचंद कंबरेचं हाड मोडून त्याच वॉर्डात पडले होते. त्यांचा डबा घेऊन मनकर्णाबाई गोंदियाला गेल्या. दुधराम त्यांना ओळखत नव्हता. जरा बाहेर थांबा, असं सांगून त्याने टेकचंदांच्या खाटेला पडदा लावला. पडद्याआडून म्हातारे रडवेल्या आवाजात म्हणत होते, "तुले लाज नाही वाटत का, बाबू? हे बाईमाणसाचं काम."

"बाबाजी, हे सध्या तुमचं काम आहे. बाईचं का माणसाचं ते मंग पाहू. पाय ढिल्ला सोडा."

नंतर हात धुऊन त्याने डब्यातली पेज गरम करून आणली आणि चमच्याने पाजायला बसला. एक घोट गिळेपर्यंत दुसरा चमचा उचलत नव्हता. बाई परत आल्या त्या हेच सांगत, की तो थांबत होता.

केशोराव ऐकेनात. तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. एरवी माझ्यासमोर न बोलणाऱ्या मनकर्णाबाई दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "शामकला झाली तेव्हा मी तापानं पडून होती. तुम्ही रोज दारातूनच पुसत होते, कशी आहे म्हणून. पाण्याचा पेला काही कोणी ओठाले लावला नाही. उद्या माझी पोरगी पडल, तं तिले पाणी पाजणारा पाहिजे मले."

होळीनंतर केशोरावच बोलणी करायला गेले आणि नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही.

लग्न झालं. शामकला कुडव्याला राहायला गेली. पट्ट्यांसाठी जुनी लुगडी लागतात हे तिने माहेरी सांगितलं असावं. पुढच्या वर्षी केशोराव गोंदियाच्या बाजाराला आले, तेव्हा मनकर्णाबाईंनी धुऊन घड्या केलेल्या लुगड्यांचं गाठोडं त्यांच्याकडे दिलं होतं. मीही सोबत दवाखान्यात गेलो. ते वॉर्डाच्या दाराशीच थांबले आणि तिथूनच जावयाला हाक मारू लागले.

दुधराम एका जड माणसाची कूस बदलत होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"मामाजी, आत या," तो म्हणाला. "तेवढी चादर धरा तिकडून."

केशोरावांनी इकडे तिकडे पाहिलं. मग गाठोडं माझ्या हातात दिलं, जोडे काढले आणि आत जाऊन चादरीचं टोक धरलं.